निळ्या रेषेखालचा मुलगा

"हा नकाशा कुठल्या घराचा?" माझ्या आईने विचारलं.

पोह्यांच्या बश्या बाजूला सरकवून वामनराव झोपे यांनी टेबलावर ट्रेसिंग पेपरची लांबलचक गुंडाळी उलगडली होती. कागद पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर त्यांचं चष्म्याचं घर, एक अडकित्ता, शेवेची वाटी आणि माझ्या मामाची तंबाखूची डबी ठेवलेली होती. मी मुलगी बघायला आलो होतो. मुलगी अजून आतच होती.

"घराचा नाही," वामनराव म्हणाले. "चिरंजीवांच्या कंपनीचा आहे."

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची, जळगावातली. मी तेव्हा गिरणा केबल्समध्ये इंजिनियर होतो. तांब्याची जाड सळई ओढून ओढून तिची केसासारखी तार करायची, हे आमच्या खात्याचं काम. कंपनीचा शेअर बाजारात आहे एवढं ऐकून ठाऊक होतं, पण त्याचा भाव काय चाललाय हे मी कधी पेपर उघडून पाहिलं नव्हतं. वामनरावांना सगळे नाना म्हणत. जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून ते आरेखक म्हणून निवृत्त झाले होते. अख्खी नोकरी शाळाखोल्यांचे आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांचे नकाशे काढण्यात गेलेली, त्यामुळे त्यांची रेषा छापल्यासारखी उमटायची. नकाशे संपले तरी हात स्वस्थ बसेना, म्हणून ते शेअरच्या भावांकडे वळले असावेत, असा माझा त्या दिवशी समज झाला.

कागदावर तीन रेषा होत्या. एक काळी, करवतीच्या दातांसारखी वरखाली उड्या मारणारी. एक तांबडी, जरा सावकाश वळणारी. आणि एक निळी, डावीकडून उजवीकडे संथपणे उतरत गेलेली.

"ही काळी म्हणजे रोजचा भाव," नानांनी पेन्सिलीचं टोक ठेवलं. "हिच्याकडे मी बघत नाही. माणूस सकाळी एक बोलतो, संध्याकाळी एक. त्यावरून कोणी सोयरीक करत नाही. ही तांबडी म्हणजे मागच्या पन्नास दिवसांची सरासरी. रोज आजचा भाव आत घ्यायचा, सगळ्यांत जुना बाहेर सोडायचा आणि पुन्हा भागाकार करायचा. म्हणून ती पुढे चालत राहते. हिच्यावरून स्वभाव कळतो. आणि ही निळी, दोनशे दिवसांची. हे घराणं."

"घराणं" हा शब्द ऐकून आई सरसावून बसली. "मग आमचं घराणं कसं आहे?"

"उतरतं आहे."

आईचा चेहरा पडला. "त्याला काही शांत वगैरे करता येते का?"

"शांत नसते त्याला. वाट बघायची असते. तांबडी रेषा निळीच्या खालून वर येऊन तिला ओलांडते, तेव्हा समजायचं की दिवस फिरले. तोवर खरेदी करायची नाही."

"खरेदी कोणाची?" मामाने विचारलं. मामाची सावद्याला केळीची आडत होती आणि खरेदी या शब्दाला तो झोपेतही जागा व्हायचा.

"सध्या यांची," नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मामाने मिशीवरून हात फिरवला. "नाना, आमच्याकडे केळीचा भाव सकाळी निघतो. दोनशे दिवस बघत बसलो तर घडाचं काय होईल?"

"म्हणूनच मी केळीत पडत नाही," नाना शांतपणे म्हणाले.

मग चारुलता चहा घेऊन आली. एका खाजगी शाळेत ती गणित शिकवायची. फिकट जांभळी साडी, केसांत काहीच नाही, आणि ट्रे ठेवायला जागा नाही हे बघून तिने निळ्या रेषेच्या शेवटच्या टोकावरच तो ठेवून दिला. नानांनी घाईघाईने कागद ओढून घेतला. आई मला म्हणाली, "विचार रे काही." मी म्हणालो, "तुम्हाला यातलं कळतं?"

"बेरजा मीच करते," ती म्हणाली.

"मग मी... म्हणजे आमची कंपनी फारच खाली आहे का?"

"दोनशेच्या खाली आहात. पन्नासच्याही. पण गेल्या आठवड्यात जरा सरळ झालात."

एवढंच बोलणं झालं आणि मला मुलगी पसंत पडली. नानांनाही मी पसंत होतो, तसं त्यांनी दारापर्यंत सोडायला आल्यावर सांगितलंही. "मुलगा चांगला आहे. फक्त तांबडी वर येऊ द्या."

घरी पोचल्यावर आई म्हणाली, "पत्रिकेत मंगळ असता तरी परवडला असता."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत कष्टाचं वर्ष त्यानंतर सुरू झालं. तार जास्त निघाली की कंपनीचा भाव वाढेल, असं माझं भाबडं गणित होतं. मी मशीनचा वेग वाढवला, तर तार दर तासाला तुटू लागली. आमचे मॅनेजर पोतनीस साहेब येऊन उभे राहिले. "नेहेते, तुम्हाला बढती हवी आहे का?" मी म्हणालो, "नाही साहेब, मला पन्नास दिवसांची सरासरी वर न्यायची आहे." त्यांनी मला दोन दिवस रजा घ्यायला लावली. त्या दोन दिवसांत भाव थोडा वाढला. या बाजाराशी आपल्या घामाचा काही संबंध नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग मी दुसरा मार्ग धरला. रेषा कुठवर आली हे बघायच्या निमित्ताने दर रविवारी नानांकडे जाऊ लागलो. पहिल्या दोन रविवारी नानांनी मला नुसतं बघू दिलं. तिसऱ्या रविवारी त्यांच्या बोटाला चाकू लागला होता, म्हणून आठवडाभराचे ठिपके मांडायचं काम माझ्याकडे आलं आणि बोट बरं झाल्यावरही ते माझ्याकडेच राहिलं. नाना पेपरातून भाव वाचायचे, चारुलता कॅल्क्युलेटरवर जुना वजा करून नवा मिळवायची आणि आकडा सांगायची, मी ठिपका टाकायचो. सुमनकाकू, म्हणजे चारुलताची आई, दर रविवारी वेगळं काहीतरी करून आणायच्या आणि कागदावर तेल सांडलं म्हणून नानांची बोलणी खायच्या.

"गुरुवार," नाना वाचायचे. "बत्तीस रुपये चाळीस पैसे."

"पन्नासची सरासरी एकतीस दहा," चारुलता सांगायची आणि हळूच पुढे म्हणायची, "निळा शर्ट तुम्हाला चांगला दिसत नाही."

"काय म्हणालीस?"

"निळी अजून उतरतेय म्हटलं, नाना."

मुलगी बघितल्यावर पंधरा दिवसांत लग्न उरकायचं, अशी आमच्याकडची रीत. होणाऱ्या बायकोशी लग्नाआधी पाच मिनिटं धड बोलता यायचं नाही. मला मात्र नानांच्या रेषांनी रविवारचे रविवार मिळवून दिले. चारुलताला वांग्याचं भरीत आवडत नाही, हे एखाद्या जळगावकराने गुप्त ठेवावं असं सत्य मला लग्नाच्या कितीतरी आधी कळलं. कधीकधी तर वाटायचं, तांबडीने जरा दमाने यावं.

दसऱ्याच्या सुमारास तांबडी रेषा निळीच्या इतकी जवळ आली की मधे फक्त पेनच्या निबाएवढी जागा उरली. आईने शिंप्याला निरोप दिला. मामाने हॉल बघून ठेवला. आणि मग, काहीही कारण नसताना, तांबडी पुन्हा खाली वळली. नाना स्वतः घरी आले, सोफ्याच्या कडेवर बसले आणि कुणी गेल्यावर भेटायला आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "जरासं राहिलं."

आईचा बांध फुटला. "नाना, माझा मुलगा माणूस आहे. त्याला तुम्ही कागदावर काय टांगून ठेवलंय? भुसावळच्या स्थळाकडून दोनदा विचारणा झाली."

"भुसावळच्या स्थळाचे वडील कुठे असतात?" नानांनी विचारलं.

"रेल्वेत."

"रेल्वेचा शेअर नाही," नाना खिन्नपणे म्हणाले. "काही सांगता यायचं नाही."

फेब्रुवारीत ते घडलं. एका मोठ्या सरकारी मंडळाची केबलची ऑर्डर आमच्या कंपनीला मिळणार, अशी बाजारात कुजबुज सुरू झाली आणि भाव चढू लागला. रोज थोडा थोडा. एका रविवारी मी ठिपका टाकला, नानांनी तांबड्या शाईचं पेन उचललं आणि दोन ठिपके जोडणारी रेषा ओढली. ती निळीला कापून वर गेली. नानांनी पेन पुसलं, टोपण लावलं आणि आत हाक मारली, "सुमन, गूळ आण."

नाना नियमाचे पक्के. रेषेने घे म्हटलं की घ्यायचं. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पुढच्या रविवारची संध्याकाळ साखरपुड्याला धरली आणि आपल्या फंडातले बरेचसे पैसे काढून गिरणा केबल्सचे शेअर घेतले.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पोतनीस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. ऑर्डर दुसऱ्या कुणाला गेली होती. तांब्याची सळई का येत नाही हे मी महिनाभर विचारत होतो, त्याचंही उत्तर मिळालं. पुरवठादाराने माल थांबवला होता. सोमवारी फाटकावर नोटीस लागणार होती. एक पाळी कायमची बंद, आणि उरलेल्यांचंही पुढे काय ते सांगता येत नाही.

"उद्या तुमचा साखरपुडा ना?" साहेब म्हणाले. त्यांचा स्वर खरोखर मायेचा होता. "मग हे आत्ताच कुठे बोलू नका. ते उरकून घ्या. सोमवारी सगळ्या गावाला कळेलच."

मी रात्री आईला काही सांगितलं नाही. ती ओटीचं सामान मांडत होती आणि गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदा गुणगुणत होती.

रविवारी सकाळी मी नानांच्या घरी गेलो. दारात तोरण होतं. मागच्या अंगणात आचारी भट्टी पेटवत होता. नवरा मुलगा सकाळीच आलेला बघून सुमनकाकू गोंधळल्या, पण नानांना मुळीच नवल वाटलं नाही.

"या. मला वाटलंच, आजचा ठिपका तुम्ही चुकवणार नाही." त्यांनी कागद उलगडला. तांबडी निळीच्या चांगली वर होती. काकूंनी शिरा आणून ठेवला. मी तो खाल्ला. त्यांनी आणखी वाढला, तोही खाल्ला. तिसऱ्यांदा त्या वाढायला आल्या तेव्हा मी बशीवर हात आडवा धरला आणि म्हणालो, "नाना, उद्या कंपनीत नोटीस लागणार आहे."

मी सगळं सांगितलं. ऑर्डर, तांबं, बंद होणारी पाळी. माझी नोकरी उद्याच जाईल असं नाही, पण राहील असंही नाही. चारुलता आतल्या दारात येऊन उभी राहिली होती.

नानांनी तांबड्या रेषेवर बोट ठेवलं. "पण रेषा तर वर आहे."

"रेषेला अजून माहीत नाही, नाना. तिला कळायला महिना दोन महिने लागतील. मला काल कळलं."

"घरी सांगितलंत?"

"नाही. आईलासुद्धा नाही."

"मग मला का सांगताय? संध्याकाळी साखर पडली असती. परवा मीच पेपरात वाचलं असतं, आणि मग मला मागे फिरता आलं नसतं."

"म्हणूनच आज सांगतोय."

नानांनी चष्मा काढला. त्याच्या काचा धोतराच्या सोग्याला पुसल्या. मग ज्या गोष्टीबद्दल आठ महिन्यांत त्या घरात कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, ती त्यांनी सांगितली.

"आमची थोरली, नलिनी. सुरतेला असते हे तुम्हाला ठाऊक आहे. तिला दिलं तेव्हा जावई एका कापडगिरणीत होते. मोठी गिरणी, मोठं नाव. मी फार चौकशी केली नाही. लग्नानंतर चारच महिन्यांत गिरणीला कुलूप लागलं. मग एकेक कळायला लागलं. साखरपुड्याच्या वेळीच कामगारांचे पगार थकले होते. त्या मुलाला माहीत होतं. त्याच्या बापाला माहीत होतं. मांडवात माझ्या हातची पानसुपारी घेणाऱ्या निम्म्या वऱ्हाडाला माहीत होतं. मला कोणी सांगितलं नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पुढे मी रद्दीतून पेपर शोधून त्या गिरणीचे भाव मांडले. दोनशे दिवसांची रेषा वर्षभर उतरत होती. पेपर रोज घरात येत होता. माणसं सांगत नाहीत, म्हणून मी कागदाला विचारायला लागलो."

अंगणात आचारी झारा आपटत होता.

नाना चारुलताकडे वळले. "तू काय म्हणतेस?"

"हे मला विचारायला तुम्हाला आठ महिने लागले," ती म्हणाली. "मी आठवडाभर शाळेत शिकवून रविवारी यांच्या कंपनीच्या बेरजा केल्या, त्या काय मला बेरजा आवडतात म्हणून?"

"तुला बेरजा आवडतात."

"आवडतात. पण दुसऱ्यांच्या कंपनीच्या नाही."

सुमनकाकू एवढा वेळ शिऱ्याचं पातेलं हातात घेऊन उभ्या होत्या. त्या व्यवहारी बाई. त्यांच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. "अहो, पण आपण ते शेअर घेतलेत त्यांचं काय? उद्या बाजार उघडल्याबरोबर दलालाला फोन लावला तर निम्मे तरी वाचतील. गावाला कळायच्या आत विकून टाका."

"नाही," नाना म्हणाले.

"का नाही? आयतं कळलंय."

"जावयांनी घरात येऊन सांगितलेली गोष्ट बाजारात न्यायची नसते."

ते बोलून गेले आणि मग काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. काकूंनी पातेलं खाली ठेवलं. चारुलता दारातून आत निघून गेली, पण तिच्या बांगड्यांचा आवाज भिंतीपलीकडेच थांबला. नाना एकदम कामाला लागल्यासारखे उठले, कागद गुंडाळला आणि मला म्हणाले, "तुम्ही आता घरी जा. संध्याकाळी वेळेवर या. आणि निळा शर्ट घालू नका, तो तुम्हाला चांगला दिसत नाही, असं मी दर रविवारी ऐकतोय."

साखरपुडा झाला. घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती पलंगावर बसली. "तू सकाळी जाऊन हे सांगून आलास? आणि तरी त्यांनी साखर घातली?"

"हो."

तिने थोडा विचार केला. "माणूस विक्षिप्त आहे. पण आता हे स्थळ सोडायचं नाही."

सोमवारी नोटीस लागली. भाव असा कोसळला की काळी रेषा कागदाच्या खालच्या कडेला जाऊन टेकली आणि नानांना खाली आणखी एक पट्टी चिकटवावी लागली. त्यांनी एकही शेअर विकला नाही. त्या पैशांत एका मुलीच्या लग्नाचा अर्धा खर्च निघाला असता. सुमनकाकू हे मला अजूनही, माझी मुलं कॉलेजात जायला लागली तरी, जेवायला वाढताना सांगतात. एप्रिल महिन्यात मलाही घरी बसवलं. त्याच सुमारास एका रविवारी तांबडी रेषा निळीला कापून खाली उतरली. चारुलताने कॅल्क्युलेटर बंद केला आणि म्हणाली, "घ्या. आज हिला कळलं." नानांना हसू आवरेना. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मे महिन्यात आमचं लग्न झालं. माझ्याकडे तेव्हा नोकरी नव्हती. विजेच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकायचा विचार होता, पण तोही अजून विचारच. नलिनीताई सुरतेहून आल्या होत्या, त्यांचे यजमानही आले होते. ते दोन दिवस पडेल ते काम करत होते आणि नानांच्या समोर यायचं टाळत होते. जेवणाच्या वेळी नानांनी स्वतः त्यांना हाताला धरून आणलं आणि माझ्या शेजारच्या पाटावर बसवलं.

वरण-बट्टीची पंगत चालू होती. समोरच्या ओळीत नानांचे जिल्हा परिषदेतले जुने साहेब बसले होते. बट्टी कुस्करता कुस्करता त्यांनी विचारलं, "काय वामनराव, धाकटे जावई कुठे असतात?"

"सध्या घरीच असतात," नाना म्हणाले. आवाज चांगला मोठा होता. चारदोन पानांवरचे हात थांबले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे झुकून आवाज खाली घेतला. "अरेरे. म्हणजे तुम्हाला आधी काही कळलंच नाही?"

"कळलं ना," नाना म्हणाले. "सगळ्या गावाच्या आधी." आणि तूप वाढणाऱ्याला त्यांनी साहेबांच्या पानाकडे यायची खूण केली.